पन्नास मिनिटांचं अंतर

मंगळवार, ४ तारीख

पोचलो एकदाचा. देवाची कृपा आणि कप्तानाचा हात, दोन्ही चांगले निघाले. एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसलो, आणि बसल्या बसल्या झोपून गेलो. हिला कळलं तर जन्मभर चिडवेल.

बावीस वर्षं बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली. स्टँड बंद झाला तेव्हा वाटलं, आता घरी बसून जावयाच्या फोनची वाट बघायची. तेवढ्यात हे काम आलं. दोन टोकांना दोन धावपट्ट्या, मधे नुसते डोंगर, रस्ता नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी नऊ खुर्च्यांचं एक विमान पलीकडून इकडे येतं, तासाभराने परत जातं. शेडवर पाटी रंगवली आहे : अंतर दोनशे किलोमीटर, वेळ पन्नास मिनिटे. इकडची राखण, प्रवाशांचं वजन आणि वायरलेस, एवढी माझी जबाबदारी.

पलीकडे माझ्यासारखंच काम करणाऱ्याला सगळे जाड्यादादा म्हणतात. त्याने मला ट्रंकेसकट काट्यावर उभं केलं आणि काखेतली देवाची तसबीर बघून म्हणाला, की देवाला तिकीट लागत नाही पण वजन लागतं. ही हसली आणि हसताना तिला ठसका लागला. दोन वर्षांपासून तिच्या छातीत पाणी धरतं. रोजची एक गोळी चुकली की दोन दिवसांत पाय सुजतात, श्वास लागतो. तिकडचं आवरून ती २५ तारखेला येणार आहे. डॉक्टर महिन्याच्या गोळ्या एकदम देतो, त्यामुळे काळजी नाही.

चाकं जमिनीला लागली तेव्हा जाग आली. मान आखडलेली, तोंड कडू. कप्तानाने मला पुढे बोलावलं, आपल्या जागेवरूनच मागे हात करून माझं मनगट धरलं आणि घड्याळ लावून दिलं. ते बंदच पडलं होतं. निघायच्या गडबडीत चावी द्यायची राहिली असणार. हिने दिलेला डबा उघडला तर आत काळी भुकटी. उकाड्याने एवढं होतं? पण भूक अशी लागली होती, की समोरच्या खाणावळीत जे पुढे आलं ते खाल्लं. खाणावळ चालवणाऱ्या बाईंना गाव आत्या म्हणतं. वाढताना हात आखडत नाहीत.

माणसं प्रेमळ. जेवल्याबरोबर मला न्हाव्याच्या खुर्चीत नेऊन बसवलं. माझी दाढी मुळात मोठी, पण न्हावी म्हणाला की आता तीत पाखरं राहतील. नखंही त्यानेच कापली. पैसे घेतले नाहीत.

शालीच्या दशांना गाठी मारलेल्या दिसल्या. हिने केलं असणार, सुटू नयेत म्हणून. बोलली नाही एका शब्दाने. तिची माया अशीच, मागून कळणारी.

धावपट्टीवरचा कुत्रा मात्र माझ्यावर भुंकला, थांबेचना. आत्या म्हणाल्या, की तो विमानातून उतरणाऱ्या सगळ्यांवर भुंकतो, मनाला लावून घेऊ नका.


बुधवार, ५ तारीख

काम समजून घेतलं. विमानात इंधन भरणाऱ्या माणसाला टाकीवाला म्हणतात, त्याने समजावलं. चेहरा असा की कोणीतरी नुकतंच रागावलं आहे.

शेडमध्ये काटा, वायरलेस, बाक, पाण्याचा माठ. बाहेर खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. गाव तिला पायजमा म्हणतं. आज पायजमा फुगलाय म्हटलं की विमान वेळेवर. धावपट्टीकडच्या भिंतीवर परातीएवढं घड्याळ. विमान सुटलं की तिकडून वायरलेसवर 'निघालं' येतं, उतरलं की मी 'पोचलं' म्हणायचं.

आणि एक रीत आहे. उतरणाऱ्याचा पाय जमिनीला लागायच्या आत त्याच्या हातातलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून द्यायचं. ज्याच्या हातात घड्याळ नाही त्याला शिडीवरच थांबवून भिंतीवरची वेळ मोठ्याने वाचायला लावायची. मगच खाली घ्यायचं. म्हणून या कामाला इथे घड्याळमास्तर म्हणतात. मला रीत आवडली. पाहुण्याला दारात पाणी द्यावं, तशी.

आधीचे घड्याळमास्तर का गेले, असं विचारलं. टाकीवाला म्हणाला की गेले म्हणजे गेले. आणि नळी गुंडाळायला लागला.


शुक्रवार, ७ तारीख

पहिलं विमान हातावेगळं केलं. सुटल्याची खबर आली, बरोबर पन्नास मिनिटांनी चाकं टेकली. आमच्या स्टँडवर अशी एक गाडी आली असती तर आम्ही तिला हार घातला असता.

दार उघडलं तर आतून वास आला. फार दिवस बंद असलेल्या घराचा. सहा जण होते. एकही उठेना. मी शिडी चढून आत गेलो तेव्हा सगळ्यांनी झोपाळू पोरांसारखी मनगटं पुढे केली. नजर कुठेतरी लांब. चार घड्याळं बंद होती. दोन चालू होती, पण त्यांच्या तारखा एकमेकांशी जुळत नव्हत्या. एकेक लावून दिलं, आणि लावताच माणूस जिवंत झाल्यासारखा हसे. काय मास्तर नवीन वाटतं, चहा मिळेल ना, सुरू. एका व्यापाऱ्याची नखं इतकी वाढलेली, की बोटं मिटता येत नव्हती. त्याचं त्याला काही नव्हतं.

न्हावी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी दुकान उघडतो. आत्याही त्याच दिवशी मोठी पातेली चढवतात. सहा माणसांनी वीस माणसांचं खाल्लं. पन्नास मिनिटांत इतकी भूक?

परतीच्या विमानात दवाखान्यातल्या नर्सबाई गेल्या, बाळाला माहेरी दाखवायला. बोळक्या तोंडाचं गोड पोर. आठच्या आठ प्रवासी चढले तरी डाव्या पंखामागची खिडकीजवळची खुर्ची कोणी घेतली नाही. मंगळवारी मी तिच्यावरच बसून आलो होतो. एकाला म्हटलं, तिथे बसा की, उजेड आहे. तो म्हणाला, तिथे आहे ना कोणीतरी. मी पाहिलं. कोणी नव्हतं.


रविवार, ९ तारीख

इथे शांतता चांगली आहे, पण जप पुरा होत नाही. लहानपणी वडिलांनी सवय लावली, दिवसाचा जप झाला की दोऱ्याला एक गाठ मारायची. चाळीस वर्षांत तापातसुद्धा चुकलं नाही. इथे आल्यापासून माळ निम्म्यात आली की नाम अर्धंच ओठांवर येतं आणि पुढचं सापडत नाही. आपलंच घर, पण चावी लागत नाही असं. एकही गाठ मारलेली नाही. जागा बदलली की होतं, असं मनाला सांगतोय.

वायरलेसवर जाड्यादादाकडून हिची खुशाली कळली. रोज बाजारातून येताना तिकडच्या शेडवर डोकावते म्हणे. निरोप पाठवला आहे, की आरशामागची किल्ली सांभाळून ठेव. उत्तर आलं, किल्ली तुमच्याच खिशात आहे. खरंच होती.


मंगळवार, ११ तारीख

काहीतरी गडबड आहे. शांतपणे लिहितो.

नर्सबाई परत आल्या. चार दिवसांपूर्वी बोळकं असलेल्या पोराला वर दोन, खाली दोन दात आहेत. ते खुर्चीला धरून उभं राहिलं होतं. अंगातलं झबलं काखेत रुतलेलं. बाईंचं घड्याळ लावून दिलं तशा त्या हसल्या, म्हणाल्या, लेकरं वाढतातच हो मास्तर. पोराचा बाप दवाखान्यात औषधं देतो, तो घ्यायला आला होता. पोर त्याच्याकडे जाईना, रडलं. आणि मला बघून मात्र दोन्ही हात पसरून अंगावर झेपावलं. माझ्या गळ्यातली माळ सराईतासारखी बाहेर ओढली आणि मणी तोंडात घालून गप्प झालं. चार दिवसांपूर्वी याने मला जेमतेम पाहिलं होतं. बापाने ओढून घेतलं. त्याचे डोळे खाली होते. त्याला कळत होतं. इथे सगळ्यांनाच कळतं.

टाकीवाला पुटपुटला, की पन्नास मिनिटांचं इंधन पिणारं हे जनावर नव्हे, टाकी दरवेळी कोरडी येते. पुढे विचारलं तर म्हणाला, मी कधी बोललो?

माझा संशय कप्तानावर आहे. हा माणूस मधे कुठेतरी विमान उतरवतो. काय नेतो-आणतो देव जाणे, आणि प्रवाशांना काहीतरी हुंगवून गुंगीत ठेवतो. पोराच्या दातांचा त्यात मेळ बसत नाही, पण बाकीचं बसतं. तो खाली कधीच उतरत नाही. काचेतून टोपी, काळा चष्मा आणि हातमोजे तेवढे दिसतात. उतरल्यावर आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून बघतो, मग इंजिन बंद करतो. खिडकीशी जाऊन हसत हसत विचारलं, की वाटेत थांबा आहे का एखादा. तो म्हणाला, की तुम्ही स्टँडवरचे, तुम्हाला प्रत्येक गाडी चहाला थांबल्यासारखी वाटते. आवाज फार म्हाताऱ्या माणसाचा होता.


शुक्रवार, १४ तारीख

इथे पूजेला फूल मिळत नाही. जाड्यादादाला सांगितलं होतं, की विमानातून चार फुलं पाठव. सकाळी वायरलेसवर म्हणाला, आत्ता तोडून ओल्या फडक्यात बांधली आहेत, अजून दव आहे.

पन्नास मिनिटांनी फडकं माझ्या हातात आलं. खडखडीत कोरडं. आत तपकिरी चूर होता. फुंकर मारली तशी उडून गेला.

आणि विमान मधे उतरलं नव्हतं. मी कप्तानाला सांगून वायरलेस सुरू ठेवायला लावला होता, हवा कळावी म्हणून. पन्नास मिनिटं कानाला लावून बसलो. इंजिनाची घरघर एकदाही तुटली नाही. घरघरीमागे बारीक काहीतरी सतत चालू होतं. गुणगुणल्यासारखं. कोणीतरी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणतंय, असं.

कप्तानावर उगाच आळ घेतला, याचं वाईट वाटायला हवं होतं. उलट वाटलं, तो चोर असता तर किती बरं झालं असतं.


मंगळवार, १८ तारीख

आज गावातले शिंपीकाका आले. पलीकडच्या इस्पितळातून बरे होऊन निघाले होते. जाड्यादादाने सकाळीच सांगितलं होतं, की काका काट्यावर उभे राहून विनोद करतायत, चांगले जाड होऊन चालले आहेत.

खुर्चीत मेलेले होते. आजच नव्हे, फार दिवसांपूर्वी. चामडं हाडाला चिकटलेलं. टाकीवाल्याने त्यांना एका हाताने उचललं, रिकामी टोपली उचलावी तसं. दवाखान्यातून कागद आला, हृदय बंद पडलं. कोणी काही विचारलं नाही. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं मी घड्याळ लावून दिलं, तेव्हा त्याने चहा मागितला.

काकांचा कमरेचा पट्टा माझ्या हातात आला. शिंप्याची सुई खिशात असणारच. पट्ट्याला त्यांनी नवी भोकं पाडली होती. एकापुढे एक, अगदी बक्कलाच्या जवळपर्यंत. प्रत्येक भोक ताणलेलं, वापरलेलं. म्हणजे माणूस हळूहळू वाळत गेला आणि शहाण्या कारागिरासारखा पट्टा आवळत गेला. शुद्धीवर होता. गुंगीत कोणी भोकं पाडत नाही.

बाहेर पन्नास मिनिटं. आत किती?


बुधवार, १९ तारीख

सकाळी शाल झटकायला घेतली आणि तशीच धरून उभा राहिलो.

ती गाठ हिची नाही. हिला ती येतच नाही. दावणीची गाठ आहे ती. वडील गुरं बांधायचे तिची, आणि मला शिकवली होती जपासाठी. दिवसाला एक. दशांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग शालीच्या दुसऱ्या बाजूला. मोजायला बसलो, निम्म्यात उठलो. पुढे मोजवेना.

मी झोपलो नव्हतो. मी त्या खुर्चीत बसून रोज जप पुरा केला, आणि रोज एक गाठ मारली. कप्तानाने मनगट धरून घड्याळ लावलं आणि ते सगळं माझ्यातून गेलं.

हिच्याकडे महिन्याच्या गोळ्या आहेत. तीस.

तीस दिवस झाल्यावर त्या विमानात—


गुरुवार, २० तारीख

जाड्यादादाला सांगितलं, की हिला येऊ देऊ नको. तो हसला. म्हणाला, वहिनींनी ट्रंक बांधली पण. मी सांगितलं, गोळ्या पुरणार नाहीत. तो म्हणाला, पन्नास मिनिटांत किती गोळ्या लागतात हो? मग तो हळू म्हणाला, की हे असलं वायरलेसवर बोलायचं नसतं. सांगतो वहिनींना.

त्यालाही माहीत आहे. काट्यावर उभं करून विनोद करतो आणि पाठवतो.

आत्यांना विचारलं, की तुम्ही सगळे सहन कसं करता. त्या म्हणाल्या, रस्ता आहे का दुसरा? आणि लक्षात राहत नाही ते दुःख कोणाचं असतं, मास्तर? पातेलं घासता घासता एवढं सांगितलं, की आधीच्या मास्तरांना कोणी बोलावलं नव्हतं. आपण होऊन चढले विमानात. तिकडे उतरले नाहीत.


शुक्रवार, २१ तारीख

हिचा निरोप आला. जाड्यादादाने जसाच्या तसा सांगितला, मजा घेत : त्यांना म्हणावं, तिकडे असं काय ठेवलंय जे मी बघू नये? मंगळवारी येतेच. कोणती सटवी आहे, तीही बघते.

चोवीस वर्षांच्या संसारात हिने माझ्यावर कधी संशय घेतला नव्हता. मी 'येऊ नको' म्हटलं म्हणून ती हट्टाने येणार. 'ये गं' म्हटलं असतं, तर कदाचित अंगणातली तुळस सोडवली नसती तिला. माझ्याच जिभेने तिला विमानात बसवलं.

सगळे उतरल्यावर विमान झाडायला आत गेलो. डाव्या पंखामागची खुर्ची. कापड बसून बसून झिजलेलं. हात ठेवला.

गरम होती.


रविवार, २३ तारीख

पुन्हा निरोप. निदान गोळ्या जास्त आण, दुकानातल्या सगळ्या आण. उत्तर : दुकानदार चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि वहिनी रागावल्या आहेत, की नवऱ्याला आता माझं दुखणंही जड झालं का.

नाम आज पहिल्या मण्यालाच तुटलं. कुत्रा दारात बसून माझ्यावर भुंकतोय. इतरांवर तो दोन-तीन दिवसांत भुंकायचा थांबतो. त्या व्यापाऱ्याच्या तर काल पायाशी लोळत होता.

मी काय आहे, असा विचार मनात आला. येऊ दिला नाही.


सोमवार, २४ तारीख

जाड्यादादा उत्तर देत नाही. तिकडून कोणीच नाही. नुसती खरखर.

देवा, उद्या पायजमा पडू दे. वारा नको. धुकं दे.


मंगळवार, २५ तारीख

आभाळ स्वच्छ. पायजमा फुगलाय.

'निघालं' आलं. मी ओरडलो, परत फिरवा. जाड्यादादा म्हणाला, आज एकच प्रवासी आहे, वहिनी. तुम्ही सांगितलं तसं गोळ्यांचं बघायला सांगितलं त्यांना— आणि बंद.

पन्नास मिनिटं. मी बाकावर आहे. ती तिथे—

तिथे किती झालं असेल आता? पहिला आठवडा? घड्याळाचा काटा एक घर सरकतो आणि मला तिचा एकेक दिवस दिसतो. अर्धी गोळी करून घे गं. चतकोर कर.

ती घड्याळ वापरत नाही. शिडीवर थांबवून वेळ वाचायला लावली की विसरेल. हसेल. चहा मागेल. आणि मला कधीच कळणार नाही तिने काय सोसलं. मी तिला तसं एकटं सोडणार नाही. भिंतीवरच्या घड्याळावर मी शाल टाकली आहे. टाकीवाला धावत आला, म्हणाला, मास्तर, काढा ती, पाया पडतो. मी त्याला ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला ढकललं.

दिसतंय. ठिपका.

*

उतरलं. जिवंत आहे. देवा, जिवंत आहे.

केस सगळे पांढरे. बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या. मी हात पुढे केला, पण तिने कठडा धरला. स्वतः उतरली. कप्तान आत तसाच बसून आहे, झाकलेल्या घड्याळाकडे बघत. इंजिन बंद केलेलं नाही.

पाणी दिलं. घोटघोट प्याली. म्हणाली—

म्हणाली, उपकार झाले, भाऊ.

भाऊ.

मी म्हटलं, अगं, मी. तिने नीट निरखून पाहिलं माझ्याकडे. डोळे शांत होते. सांगितलं, की गोळ्या संपल्या तेव्हा वाटलं, आता संपलं. पण हे होते ना. डाव्या खिडकीशी. आधीपासूनच होते. कधीपासून, ते सांगितलं नाही. पाठ चेपून दिली, रात्र रात्र श्वास लागे तेव्हा कानाशी नाम घेतलं. एक तुटकी गोळी शेवटपर्यंत जपून ठेवलेली, ती माझ्या तोंडात घातली. दारापर्यंत आले. म्हणाले, तू उतर. मला उतरता येत नाही, माझ्यातला उतरणारा कधीच उतरून गेलाय.

मी विचारलं, कोण हे? ती किंचित लाजली. चोवीस वर्षं लाजायची तशी. माझे मालक, म्हणाली.

शाल बघून चमकली. भिंतीवरून ओढून काढली, दशांवरून बोटं फिरवली. म्हणाली, ही त्यांची. थंडी वाजते त्यांना. आणि निघाली.

मागे धावलो. हात धरला. तिने सोडवून घेतला, परक्या बाईने सोडवावा तसा, हळूच, राग नाही. शिडी चढतेय. गोळी एकही नाही तिच्याकडे.

घड्याळ उघडं पडलंय. कप्तान बघतोय. आता पंखा वेग घेतोय. टाकीवाला लांबून हातवारे करतोय, इथेच थांबा म्हणून. कुत्रा—

थांबलो तर तिच्याशिवाय. चढलो तर त्या खुर्चीत जो आहे तो—

शिडीशी आहे. दार उघडं. आत ती वाकून कोणाला तरी शाल पांघरवतेय. एक हात बाहेर आला, दशी चाचपली, गाठ मारली. नखावर पांढरा डाग आहे. माझ्या आहे तसा.

आणि नाम. माझाच आवाज. माझं तीन आठवडे जे अर्ध्यावर तुटत होतं ते पुरं, अखंड, आत चाललंय. ओठ आपोआप हलताहेत माझे. पुढचा शब्द आता येतोय, हो, हाच, हाच तो—

आवाज थांबला.

तो मान वळव